अडवलेला निरोप

२०२२ च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या परसात आईने अर्धी भरलेली कळशी उचलली, ती तशीच खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. तिने कुणाला हाक मारली नाही. मी कॉलेजमधून आले तेव्हा ती कुशीवर पडलेली होती. "काय न्हाई गं, पाठीत चमक भरलीया. वाकलो आन् कट्टदिशी काहीतरी झालं बघ," एवढेच म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी असेच बोलतात, गेलो, आलो, वाकलो; आई दुखण्याविषयीही त्याच रांगड्या क्रियापदात बोलत असल्यामुळे दुखणे किती खोल आहे, याचा अंदाज लागत नाही. दोन दिवस शेक आणि मलम झाले. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला असे दोन मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झालेले दिसले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, काहीही न उचलता, केवळ खोकल्याच्या उबळीने तिसरा मणका खचला.

पहिल्या दोन मणक्यांचे कारण मी वयाला आणि कळशीला दिले होते. तिसऱ्याला तसे कारण देता येईना. शिवाय तिच्या फाइलमध्ये आदल्याच वर्षीचा डेक्सा स्कॅनचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल होता आणि तो चांगला होता. तिचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त आहे तो आकडा, २०१८ मध्ये उणे ३.१ होता, तो उणे २.४ पर्यंत सुधारला होता. उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार), ही जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेली रेघ आई ओलांडून अलीकडे आली होती, आणि घरात आम्ही तेवढ्यासाठी पेढे आणले होते.

हा सुधार औषधाचा होता. २०१८ च्या जानेवारीपासून तिला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मिळत होते. सात इंजेक्शने वेळेवर झाली, टाळेबंदीच्या वर्षातही चुकली नाहीत. आठवे २०२१ च्या जुलैअखेरीस ठरले होते आणि त्याच सुमारास पंचगंगा पात्राबाहेर पडली. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. त्या वर्षी पाणी ५० फुटांच्याही वर गेले. आम्ही आईला घेऊन राजारामपुरीत मावशीकडे गेलो. शीतपेटीत ठेवावे लागणारे इंजेक्शन, पेठेत वीज नाही, रस्ते पाण्याखाली, त्यामुळे "नंतर बघू" असे ठरले. पाणी उतरल्यावर गाळ काढण्यात दीड-दोन महिने गेले. ऑक्टोबरमध्ये ज्या दवाखान्यात गेलो, तिथे अहवाल पाहून सांगितले गेले की घनता सुधारली आहे, आता थांबवले तरी हरकत नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते. मला प्रश्न विचारता आला असता, आणि मी विचारला नाही. तिथेही कुणी सांगितले नाही की हे औषध एकाएकी थांबवण्याचे औषध नव्हे.

त्या उन्हाळ्यात मी वाचत बसले, आणि जे समजले ते आईसारख्या प्रत्येक बाईच्या घरात कुणीतरी सोप्या मराठीत सांगायला हवे, असे मला वाटत राहिले आहे.

गेली २६ वर्षे मी प्रयोगशाळेत मुलांना सस्तन प्राण्याच्या हाडाच्या आडव्या छेदाची काचपट्टी दाखवते. सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध एक काळे भोक दिसते, त्याभोवती झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळे आणि त्या वर्तुळांच्या ओळींवर बारीक काळे कोळी, ज्यांचे पाय शेजारच्या कोळ्याच्या पायांना टेकलेले असतात. मुले हे कोळी वहीत मनापासून काढतात. ते काळे ठिपके म्हणजे ऑस्टिओसाइट पेशींची घरे, आणि मी त्यांना वर्षानुवर्षे सांगत आले की या पेशी हाड बांधता बांधता त्यातच गाडल्या गेल्या, त्यांचे काम संपले, आता त्या निवांत आहेत. जुन्या पाठ्यपुस्तकांत तसेच होते. प्रौढ हाडातल्या दहांतल्या नऊ पेशी याच असतात, आणि निसर्ग दहांतल्या नऊ पेशींना नुसते बसवून ठेवील का, ही शंका मला एकदाही आली नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की हाड कुठे खणायचे आणि कुठे बांधायचे, याचे निरोप मुख्यतः तिथूनच निघतात. ते एकमेकांना टेकलेले पाय म्हणजे निरोपांच्या वाटा आहेत.

खणणे हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझे आजोबा तालमीतले. त्यांच्यामुळे लहानपणी मी कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून तो उकरताना पाहिला आहे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात हे सगळ्यांना माहीत असते. पण रोज फावड्याने ती माती खालपासून वर करणे, हे त्यातले खरे कष्टाचे काम. न उकरलेली माती दगडासारखी बसते आणि तिच्यावर आपटलेला पैलवान जायबंदी होतो. हाडाचेही असेच आहे. रोजच्या वापराने त्यात केसासारखे बारीक तडे पडतात. ते जुने हाड ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी खणून काढतात आणि त्यांच्या मागोमाग ऑस्टिओब्लास्ट पेशी तो खड्डा नव्या हाडाने भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. एका जागचे खणणे काही आठवड्यांत उरकते, भरणे मात्र काही महिने चालते. या एका विषमतेत म्हातारपणाच्या हाडांचे निम्मे दुःख आहे, कारण खणणाऱ्यांची संख्या थोडी जरी वाढली तरी भरणाऱ्यांना ते अंतर तोडता येत नाही.

मग खणणाऱ्यांना कोण बोलावते? त्याचे उत्तर मिळाले १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत. ऑस्टिओब्लास्टच्या घराण्यातल्या पेशी आणि ऑस्टिओसाइट रँक लिगँड नावाचे एक प्रथिन बाहेर काढतात. रक्तातून आलेल्या कोवळ्या पेशींच्या अंगावर 'रँक' नावाचा ग्राहक, म्हणजे निरोप झेलणारे प्रथिन, असतो. त्या ग्राहकाला हे प्रथिन येऊन चिकटले की आत एकाने दुसऱ्याला हलवावे तशी साखळी सुरू होते. एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनसमूह पेशीच्या केंद्रकात शिरतो, ठरावीक जनुके जागी होतात, कोवळ्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकांची एक थोराड पेशी तयार होते. ती हाडाला घट्ट चिकटून आपल्याखाली एक बंद पोकळी करते आणि तिच्यात आम्ल सोडून हाडातला चुना विरघळवते. उरलेले कोलॅजन कॅथेप्सिन-के नावाचे विकर तोडते. हा सगळा खटाटोप एका निरोपावर होतो. म्हणून त्याला आवर घालणारे एक प्रथिनही शरीर स्वतःच बनवते. त्याचे नाव ऑस्टिओप्रोटेगेरिन, म्हणजे हाडाचे रक्षण करणारे. ते रँक लिगँडला वाटेतच गाठते आणि ग्राहकापर्यंत पोचू देत नाही.

हा रक्षक दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे सापडला. एक गट अमेरिकेतल्या ॲमजेन कंपनीचा होता आणि दुसरा जपानमधल्या स्नो ब्रँड या दुधाच्या कंपनीच्या संशोधन संस्थेतला. दुधाची कंपनी हे वाचून मी थोडा वेळ थांबले. आमच्या घराजवळ गंगावेशीत दूध कट्टा आहे. तिथे म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. आईने जन्मभर दूध प्यायले आहे आणि "मी दूध प्यायलेला माणूस, माझी हाडं कशी मोडतील?" हे तिचे म्हणणे तिसरा मणका खचल्यानंतरही बदलले नव्हते. तिला समजावताना मी म्हणाले की कॅल्शियम पोचलेच आहे, दूध वाया गेलेले नाही. पण पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, रँक लिगँडला आवर घालणारा तो एक मोठा हात निघून जातो आणि खणण्याचे निरोप वाढतात. विटांचा ढीग दारात असून भिंत उतरवली जात असेल, तर आणखी विटा आणून काय होणार? हे तिला पटले. तिने फक्त विचारले, "मग त्यो निरोपच अडवायचा की."

डेनोसुमॅब नेमके हेच करते. ते ऑस्टिओप्रोटेगेरिनचे काम करणारे प्रयोगशाळेतले प्रतिपिंड आहे. रँक लिगँडला पकडते आणि ग्राहकापासून दूर ठेवते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ७,८०० हून अधिक स्त्रिया होत्या. तीन वर्षांत मणक्यांचे नवे अस्थिभंग औषधाविना ७.२ टक्के स्त्रियांत झाले, औषध घेणाऱ्यांत २.३ टक्के. खुब्याचे अस्थिभंगही घटले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. हे औषध चांगले आहे. आईच्या बाबतीत जे झाले त्यामुळे माझे हे मत बदललेले नाही.

पण ते हाडात राहत नाही. येथे जुन्या गोळीशी तुलना करावी लागते. ॲलेंड्रोनेट आणि त्याच्या कुळातली औषधे, म्हणजे बिस्फॉस्फोनेट, हाडातल्या खनिजाला चिकटून बसतात आणि खणणारी पेशी हाड खाते तेव्हा तिच्या पोटात जाऊन तिला आतून निकामी करतात. गोळी बंद केली तरी हाडात साठलेला अंश पुढे बराच काळ काम करीत राहतो. डेनोसुमॅब मात्र साधारण सहा महिन्यांनी ओसरते, आणि मग अडवून ठेवलेले निरोप एकाच वेळी पोचतात. हाड खणले जाण्याचा वेग काही काळ उपचारापूर्वीपेक्षाही जास्त होतो आणि कमावलेली घनता वर्ष-दोन वर्षांत निघून जाते. त्याच चाचणीतल्या स्त्रियांच्या नोंदी २०१८ मध्ये तपासून मांडल्या गेल्या. मणक्यांच्या अस्थिभंगाचे प्रमाण उपचार चालू असताना दर १०० व्यक्ती-वर्षांमागे, म्हणजे ढोबळमानाने १०० जणींमागे वर्षभरात, १.२ होते, ते थांबवल्यावर ७.१ झाले, आणि ज्यांचे मणके मोडले त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणींचे एकाहून अधिक मोडले. आईच्या शेवटच्या इंजेक्शनपासून कळशीपर्यंत १४ महिने गेले होते. मी वहीत तारखा मांडल्या आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

निरोप अडवलेला असताना या खणणाऱ्या पेशी जातात कुठे, याचेही एक उत्तर २०२१ मध्ये मिळाले. सिडनीच्या गारवन संस्थेतल्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या हाडात सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा थोराड ऑस्टिओक्लास्ट मरत नव्हत्या. त्या फुटून लहान लहान पेशी होत होत्या आणि पुन्हा एकत्र येऊन नव्या ऑस्टिओक्लास्ट बनत होत्या. या लहान पेशींना त्यांनी ऑस्टिओमॉर्फ म्हटले. रँक लिगँड अडवला की त्या साठत जातात. अडसर निघाला की त्यांना एकत्र यायला वेळ लागत नाही. माणसाच्या बाबतीतली ही उलट उसळी त्यावरून समजू लागते. तो निबंध मी जुलैत वाचला, बाहेर पाऊस होता, आणि मला पुरानंतर नदीकाठच्या खळग्यांत साचून राहिलेले पाणी आठवत राहिले.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, म्हणजे बांधणाऱ्या निरोपाकडे. बांधकाम सुरू करणारा मुख्य निरोप विंट नावाच्या प्रथिनांचा. ती पेशीच्या अंगावरच्या दोन ग्राहकांना एकदम धरतात, त्यांपैकी एक एलआरपी-५ किंवा एलआरपी-६. मग आत बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन, जे एरवी सतत नष्ट केले जाते, वाचते आणि केंद्रकात जाऊन बांधकामाची जनुके चालू करते. एलआरपी-५ मध्ये बिघाड असलेल्या मुलांची हाडे ठिसूळ असतात आणि दृष्टीही जाते, हे २००१ मध्ये कळले. पुढच्याच वर्षी त्याच जनुकातल्या उलट बदलाने विलक्षण मजबूत हाडे झालेली कुटुंबे सापडली. हा निरोप अडवणाराही एक आहे, स्क्लेरोस्टिन, आणि तो मुख्यतः माझ्या काचपट्टीवरचे ते निवांत कोळीच बनवतात.

स्क्लेरोस्टिनची ओळख पटली ती दक्षिण आफ्रिकेतल्या, मुख्यतः डच वंशाच्या आफ्रिकानेर कुटुंबांमुळे. त्यांच्यात स्क्लेरोस्टिओसिस नावाचा दुर्मिळ आजार आहे: ज्यांना स्क्लेरोस्टिन बनवताच येत नाही, त्यांची हाडे वाढतच राहतात. ती सहसा मोडत नाहीत. पण कवटी जाड होत जाते, नसा ज्या छिद्रांतून बाहेर येतात ती आवळली जातात, चेहरा लुळा पडतो, ऐकू येणे जाते, मेंदूवर दाब वाढतो. नेदरलँड्समधल्या उर्क या एकेकाळच्या बेटावरच्या काही घराण्यांतही याच्याशी नाते सांगणारा, जरा सौम्य आजार आहे. जबाबदार जनुक २००१ मध्ये ओळखले गेले. ज्या घरांनी हे दुःख पिढ्यान् पिढ्या सोसले, त्यांच्या रक्तातून जगभरच्या म्हाताऱ्या बायकांसाठी एक औषध निघाले, याची जाणीव ते औषध लिहिणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ठेवावी असे मला मनापासून वाटते. औषधाचे नाव रोमोसोझुमॅब. ते स्क्लेरोस्टिनला अडवते, महिन्यातून एकदा असे बारा महिने देतात, आणि २०१९ मध्ये आधी जपानने व मग अमेरिकेने त्याला परवानगी दिली. २०१६ च्या चाचणीत पहिल्या वर्षात मणक्यांचे नवे अस्थिभंग ७३ टक्क्यांनी कमी झाले होते. मात्र दुसऱ्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण थोडे जास्त दिसले, म्हणून अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा असतो, आणि आदल्या वर्षभरात असा झटका आलेल्या माणसाला ते देऊ नये असे सांगितले जाते. एकच प्रथिन शरीर अनेक ठिकाणी वापरते, आणि आपण तर ते फक्त हाडांसाठी अडवायला गेलेलो असतो. कॅथेप्सिन-के अडवणाऱ्या ओडानाकॅटिबचे तर २०१६ मध्ये सगळे काम थांबवावे लागले. अस्थिभंग त्याने कमी केले होते, परंतु पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला.

स्क्लेरोस्टिन कमी करण्याचा एक मार्ग मात्र आजोबांच्या तालमीत पूर्वीपासून होता. हाडावर भार आला की त्यातल्या बारीक वाटांमधला द्रव हलतो, ऑस्टिओसाइटना ते जाणवते आणि त्या स्क्लेरोस्टिन कमी सोडतात, म्हणजे बांधकामाला वाट मिळते. भार गेला की उलटे होते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घटते. आजोबांचे मनगट मी दोन्ही हातांनी धरत असे, तरी ते मुठीत मावत नसे. जोर-बैठका, गदा, हौद्यातली माती, या सगळ्याचा हिशेब त्या कोळ्यांनी ठेवला होता. तसा भार घरातल्या बायकांच्या हाडांना मिळाला नाही असे म्हणवत नाही, कारण आईनेही जन्मभर कळशा वाहिल्या. चाळिशीनंतर मात्र नळ घरात आला, गुडघे दुखू लागले, आणि विश्रांती हेच औषध असे सगळ्यांनी तिला सांगितले.

निरोपाला लयही असते, हे टेरिपॅराटाइडने शिकवले. गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक सतत वाढलेले राहिले तर हाडे झिजतात. त्याच संप्रेरकाचे पहिले ३४ दुवे (अमिनो आम्ले) रोज एकदा, २० मायक्रोग्रॅम, त्वचेखाली टोचले आणि ते काही तासांत ओसरू दिले, तर हाड बांधले जाते. शब्द तोच, पण सततचा पुकारा खणणाऱ्यांना बोलावतो आणि दिवसातून एकदा आलेली हाक बांधणाऱ्यांना. हे औषध २००२ पासून वापरात आहे. क्रमालाही महत्त्व आहे: २०१५ च्या एका अभ्यासात आधी टेरिपॅराटाइड आणि मग डेनोसुमॅब घेणाऱ्यांची घनता वाढतच गेली, तर उलट क्रमाने घेणाऱ्यांची काही काळ घसरली. आईचे मणके मोडल्यावर आमच्या एका नातलगाने, स्वतःला रोजच्या टोचणीचा गुण आला म्हणून, तीच सुरू करण्याचा आग्रह धरला होता. त्यांचा हेतू चांगला होता. तिच्या बाबतीत क्रम चुकला असता.

मुलांच्या हाडांच्या आजारांविषयी एवढेच नोंदवते की तिथेही हीच वाट उघडली आहे. अकॉन्ड्रोप्लेसियामध्ये एफजीएफआर-३ हा ग्राहक गरजेपेक्षा जास्त चालू राहतो आणि हाडांची लांबी खुंटते. त्याला आतून शांत करणारे व्होसोरिटाइड २०२१ मध्ये आले. जन्मजात मुडदुसाच्या एका प्रकारात एफजीएफ-२३ जास्त होऊन फॉस्फेट लघवीतून वाहून जाते. त्याला अडवणारे बुरोसुमॅब २०१८ पासून आहे. ही औषधे आपल्याकडच्या सामान्य घराला परवडणे दूरच आहे, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते.

आईला २०२२ च्या एप्रिलमध्ये नव्या डॉक्टरांनी डेनोसुमॅब पुन्हा सुरू केले. आधी रक्तातले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासले, दात दाखवून घेतले, आणि मग माझ्याकडे पाहून स्पष्ट सांगितले की हे जेव्हा थांबवायचे असेल तेव्हा नुसते थांबवायचे नाही, त्याच्या पाठोपाठ बिस्फॉस्फोनेट कुळातल्याच झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईनमधून मात्रा द्यायची, आणि तोवर एकही तारीख चुकवायची नाही. हे सांगायला त्यांना दोन मिनिटेसुद्धा लागली नसतील. त्यानंतर नवा मणका मोडलेला नाही. खचलेले मणके मात्र पुन्हा उभे राहत नाहीत. तिची उंची चार सेंटिमीटरने कमी झाली आहे, देवघरातल्या वरच्या फळीवरचा कापराचा डबा आता तिच्या हाताला लागत नाही, म्हणून तो खालच्या कोनाड्यात आला आहे. संध्याकाळी ती रंकाळ्यावर सावकाश अर्धा तास चालते.

एप्रिल आणि ऑक्टोबर, अशा तारखा आता पडतात. पहिल्यांदा ते आईच्याच लक्षात आले. नवे कॅलेंडर आणले की ती स्वतः दोन्ही तारखांना लाल पेनने गोल करते, आणि मागे एकदा गोल करता करता म्हणाली, "बरं झालं, पुराच्या महिन्यात येत न्हाई." त्या दिवशी सकाळी ती फ्रिजमधून खोका काढून ओट्यावर ठेवते, कारण इंजेक्शन खोलीतल्या तापमानाला यायला अर्धा तास लागतो, हे तिला कुणीतरी सांगितले आहे, मग खुर्ची ओढून घड्याळाकडे बघत त्याच्या शेजारी बसते आणि नर्सबाई येईपर्यंत कुणालाही खोक्याला हात लावू देत नाही.